वेबसाइटचे किती घ्यायचे? आधी आपल्या वर्षाचा हिशोब मांडा

इनबॉक्सात हा प्रश्न सारखा येतोय, बहुतेक सांगली, सोलापूर, नगर साइडची पोरं, बीसीए नाहीतर डिप्लोमा झालेली. "दादा, चार पानांची वेबसाइट आहे, किती सांगू? दुसरे तर ८ हजारात करून देतायत." म्हणून एकदाच नीट लिहितो, कारण हातात चांगलं काम असलेली मुलं केवळ दर न जमल्यामुळे दमून फ्रीलान्सिंग सोडताना बघितलीयत आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे पानावर दर लावणं बंद करा. समजा गुहागरच्या एका होमस्टेची वेबसाइट आहे, पानं चारच. पण मजकूर म्हणून येते जुन्या माहितीपत्रकाची पेजमेकर फाइल, श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, ती कॉपी केली की नुसती अगम्य अक्षरं. मग कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, तरी रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे, ती ओळीओळीने हाताने सुधारत बसा. फोटो व्हॉट्सॲपवर आलेले, बारीक झालेले, ते परत मागवा. खोल्या तीन, पण मे महिन्याचा दर वेगळा, शनिवार-रविवारचा वेगळा, जेवणासकट वेगळा, आणि फोनवर घेतलेलं बुकिंग कॅलेंडरमध्ये कोण टाकणार हे कुणी ठरवलेलंच नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय, चालू करायला रिफंड पॉलिसी, प्रायव्हसी पॉलिसी, पत्ता हे सगळं साइटवर लागतं, ते मालकांकडून काढून घेणंही आपल्याच गळ्यात. सगळे तास इथे जातात आणि आपण पैसे मागतो चार पानांचे!

आता हिशोब. पुण्यात राहणाऱ्या एका माणसाचं धरू. घरखर्च महिना ४० हजार म्हणजे वर्षाचे ४ लाख ८० हजार. आरोग्य विमा २५ हजार. ८० हजारांचा लॅपटॉप चार वर्षं चालला तर वर्षाला २० हजार. नेट आणि लाइट २४ हजार, सीए आणि सॉफ्टवेअर ३१ हजार. नोकरीवाल्याचा पीएफ कापला जातो, आपला कोण कापणार, म्हणून बाजूला टाकायचे १ लाख २० हजार. बेरीज ७ लाख. गणपती, दिवाळी, आजारपण वगळून वर्षाचे ४६ आठवडे धरा, आणि आठवड्याच्या ४० तासांतले बिल करण्यासारखे फार तर २०, बाकीचे फोन, मीटिंगा, कोटेशनं आणि शिकण्यात जातात. म्हणजे ९२० तास. ७ लाख भागिले ९२०, साधारण ७६० रुपये तास. रिकामे महिने आणि अडकलेली बिलं धरून ९०० म्हणा. आता १५ हजारांची वेबसाइट म्हणजे सतरा तासही भरत नाहीत, आणि वरचं होमस्टेचं काम माझ्या अंदाजाने ६० तासांच्या खाली होत नाही. म्हणजे ५४ हजार. आकडा मोठा वाटतो ना, पण तो कुठून आला हे तुम्हाला माहीत असलं की सांगताना आवाज दबत नाही.

तासाचा दर मात्र स्वतःपाशी ठेवा. आपल्याकडच्या दुकानदाराला, छोट्या व्यावसायिकाला एकूण आकडा लागतो आणि त्याचं ते बरोबरच आहे. कोटेशनमध्ये काय करणार, काय नाही, दुरुस्त्या किती वेळा, मजकूर कोण देणार हे मराठीत स्वच्छ लिहा. आणि घासाघीस होणारच. "ताई, ३० हजारात बसवायचं तर ऑनलाइन बुकिंग आत्ता नको, चौकशीचा फॉर्म आणि व्हॉट्सॲपचं बटण ठेवू", असं म्हणा. काम कमी करा, दर कमी करू नका. दर एकदा पाडला की त्यांच्या ओळखीतून येणारा प्रत्येक जण तोच आकडा धरून येतो.

पैसे टप्प्यात घ्या, मी सांगेन ४० टक्के सुरुवातीला, ४० डेमोला, २० साइट लाइव्ह करायच्या आधी. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, फुकट आहे, करून टाका. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाने पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या वर जात नाही, करार नसेल तर १५ दिवस, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कोर्टकचेरी कुणालाच नको असते, पण बिलावर उद्यम नंबर असला की कंपन्यांचा अकाउंटवाला जरा लवकर हलतो. गिऱ्हाइकाने बिलातून टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापला म्हणून घाबरून दर वाढवू नका, रिटर्न भरताना तो आपल्या खात्यात धरला जातो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जायला लागली की १८ टक्के जीएसटी आला, म्हणून कोटेशनवर आत्तापासूनच "कर वेगळे" लिहायची सवय लावा.

डोमेन (साइटचं नाव-पत्ता) नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर, होस्टिंगचं (साइट ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेचं) पहिलं वर्ष स्वस्त आणि रिन्यूअल महाग असतं हेही आधीच सांगायचं. वर्षाच्या देखभालीचे पैसे वेगळे. जुन्या गिऱ्हाइकांचा दर वाढवायचा असेल तर फेब्रुवारीत फोन करून सांगा आणि १ एप्रिलपासून लावा, त्यांनाही नव्या वर्षाच्या बजेटमध्ये धरता येतं.

कुणाला कोटेशनचा नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.