रविवारांचं व्हाउचर

ऑफिसातला ‘कॉम्प्युटर बघणारा’ माणूस कुणी नेमत नाही. तो सापडतो, चोर सापडावा तसा. मी सापडलो तो प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढताना. कागद निघाला, दोघातिघांनी ‘वा!’ म्हटलं, आणि त्या दिवसापासून अठरा कॉम्प्युटर, एक सर्व्हर, दोन प्रिंटर यांचा मी बिनपगारी पालक झालो. ‘बिनपगारी’ हा शब्द लक्षात असू द्या. पुढे आमच्या खजिनदारांना तो फार आवडणार आहे.

खजिनदारांचा आणि माझा खरा परिचय झाला तो लायसन्सच्या बिलावरून. बिल हातात धरून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू ते मीच पाठवलं होतं.

“हे आपण मागे विकत घेतलं होतं ना?”

“विकत नाही साहेब, वापरायचा परवाना घेतला होता.”

“म्हणजे भाड्याने?”

“तसंही नाही. भाडेकरूला निदान भिंतीत खिळा ठोकता येतो.”

मग मी त्यांना सर्व्हरच्या लायसन्सचं गणित समजावलं. समजावलं म्हणजे मला जेवढं समजलं होतं तेवढं वाचून दाखवलं. सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्यातल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांवर. आपल्याकडे कोअर आठ असले तरी कमीत कमी सोळांचं घ्यायचं, कारण नियमच तसा आहे. बरं, सर्व्हर घेतला म्हणून त्याच्याशी बोलता येतंच असं नाही. त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स वेगळं. ते एकतर माणशी घ्यायचं, नाहीतर यंत्रागणिक. तीन माणसं पाळीने एकाच यंत्रावर बसत असतील तर यंत्र मोजणं स्वस्त. एकाच माणसाकडे टेबलावरचा, घरचा आणि बॅगेतला असे तीन कॉम्प्युटर असतील तर माणूस मोजणं स्वस्त.

खजिनदारांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. असं काटकसरीचं कलम त्यांना बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

“आपल्याकडे तीन-तीन यंत्रं कुणाकडे आहेत?”

“फक्त थोरल्या साहेबांकडे.”

“मग साहेबांना माणूस धरा. बाकी सगळ्यांना यंत्र.”

हा निर्णय मी आजतागायत स्टाफला सांगितलेला नाही.

एवढं करूनही आकडा खाली येईना, तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. “साहेब, लिनक्स म्हणून एक सिस्टीम आहे. मुक्त आहे.”

आता इथे भाषेचा एक मुद्दा आहे. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द. त्यामुळे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून त्या मंडळींचं निम्मं आयुष्य ‘आम्ही स्वातंत्र्याबद्दल बोलतोय, किमतीबद्दल नव्हे’ हे समजावण्यात गेलं. मराठीत ही अडचण नाही, आपल्याकडे दोन सुटसुटीत शब्द आहेत, असा मला अभिमान होता. तो त्या दिवशी गेला. मी म्हटलं, “मुक्त.” खजिनदारांनी डायरीत लिहिलं, “फुकट.” मी नेटाने सांगू लागलो, की यात वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं असतात: हवं तसं वापरा, आत काय आहे ते तपासून बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. आणि गंमत म्हणजे त्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते. खजिनदारांनी त्यातलं ‘शून्य’ तेवढं उचललं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

प्रस्ताव मंडळापुढे गेला. मी घोकून गेलो होतो. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असं जाहीर केलं. आणि नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात! मी श्वास घ्यायला थांबलो. थोरले साहेब म्हणाले, “मग आपला प्रिंटर चालायला हरकत नाही.”

महासंगणक चालतो म्हणून प्रिंटर चालेल, हे तर्कशास्त्र ज्याने प्रिंटर कधी जोडलेला नाही त्यालाच सुचतं.

पहिला रविवार कॉम्प्युटर बदलण्यात गेला, आणि खोटं कशाला बोलू, मजेत गेला. विकतच्या सिस्टीमने ‘तुमचं यंत्र आता जुनं झालं’ म्हणून नाकारलेले सहा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमवर तरण्यासारखे उठून बसले. त्यांच्यात दोष कसला, तर मदरबोर्डवर एक सुरक्षेची चिप नाही. विंडोज ११ला ती टीपीएम २.० चिप लागतेच आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार, या दोन वाक्यांवर जगभरातली किती चालती यंत्रं अडगळीत जातील, या विचाराने मी संध्याकाळी छाती काढून घरी गेलो. बायकोने विचारलं, “झालं?” मी म्हटलं, “झालंच. आता फक्त प्रिंटर.”

दुसरा रविवार प्रिंटर. तिसराही प्रिंटर.

पैकी एक प्रिंटर सरळमार्गी होता, जोडताच चालू लागला. दुसरा मात्र प्रत्येक पानाआधी एक कोरं पान सोडायचा. मोठी बातमी सांगण्याआधी माणसं खाकरतात तसा. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा प्रोग्रॅम, होता, पण जुन्या आवृत्तीसाठी. नवा होता, पण दुसऱ्या मॉडेलसाठी. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून करून माझी बोटं दुखली. त्यातली शेवटची नक्की कशामुळे लागू पडली ते मला आजही माहीत नाही. म्हणून त्या प्रिंटरच्या वाटेला मी जात नाही आणि दुसऱ्याला जाऊ देत नाही.

यातला विनोद मला नंतर कळला. मुक्त सॉफ्टवेअरची ही सगळी चळवळ मुळात एका प्रिंटरवरच्या रागातून उभी राहिली, असं खुद्द स्टॉलमनच सांगतात. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी दुरुस्ती त्यांना प्रोग्रॅममध्ये करायची होती, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता, कुणी देईना. तिथून ठिणगी पडली. पुढे लायसन्स लिहिली गेली, प्रकल्प उभे राहिले, महासंगणक पादाक्रांत झाले. अडकलेला कागद तेवढा फिरून माझ्याकडे आला.

प्रिंटर संपला असं वाटतंय तोवर शेपूट निघालं. सतरा यंत्रं नव्या सिस्टीमवर गेली, अठरावं जाईना. कारण त्यावरचा हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त विकतच्या सिस्टीमवर चालतो. तो यंत्रमालक कोण? खजिनदार! मी वाइन नावाचा, तिकडचे प्रोग्रॅम इकडे चालवणारा, एक थर घालून बघितला. प्रोग्रॅम उघडला, पण बेरजेच्या जागी चौकोन दाखवू लागला. (आणि “मी वाइनवर प्रयत्न करून बघतो” हे वाक्य खजिनदारांच्या देखत मोठ्याने म्हणू नये, हेही शिकलो.) शेवटी त्यांचं यंत्र जसं होतं तसंच राहिलं. ज्या गृहस्थांनी फुकटाचा आग्रह धरला, ते एकटे विकतच्या सिस्टीमवर बसतात आणि “आमच्याकडे काही त्रास नाही बुवा!” असं सगळ्यांना सांगतात.

अशा वेळी मला म्युनिक शहराची आठवण यायची. तिथल्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३पर्यंत जवळपास १५ हजार कॉम्प्युटर हलवले, आणि २०१७ साली ठरवलं, की परत विंडोजकडे जाऊ. मंडळापुढच्या भाषणात मी ही हकीकत घेतली नव्हती. घोकली मात्र होती.

रोजच्या कारभाराचं म्हणाल, तर दोन्हींच्या तऱ्हा वेगळ्या. विकतची सिस्टीम पाहुण्यासारखी. न विचारता अपडेट होते, आणि तेही थोरले साहेब पाहुण्यांपुढे आकडे दाखवायला उभे राहिल्यावर. ‘कृपया कॉम्प्युटर बंद करू नका’ हे वाक्य पडद्यावर वीस मिनिटं बघत पाहुण्यांनी एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी संपवली होती. मुक्त सिस्टीम तशी नाही. ती सगळं विचारून करते. इतकं विचारते, की आपल्याला यातलं काहीच कळत नाही ही गोष्ट दिवसातून चार वेळा सिद्ध होते.

एकदा अपडेट मध्येच अडकलं. चूक साधी होती. सिस्टीम सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायलींचा ‘बूट’ नावाचा एक छोटा कप्पा असतो. दर अपडेटला त्यात नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, येऊन बसतो. जुने वेळच्या वेळी काढले नाहीत तर कप्पा भरतो आणि पुढचं सगळं ठप्प. मी बाहेर होतो, म्हणून नव्या मुलाला फोनवर सांगत होतो आणि त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता.

“अरे, बूट भरलाय. आत जुने कर्नल बसलेत.”

“किती आहेत सर?”

“असतील सातआठ. कुणाच्या कामाचे नाहीत, नुसती जागा अडवून बसतात. चालू असलेला एक ठेव, अडीअडचणीला त्याच्या आधीचा एक ठेव, बाकीचे काढून टाक.”

थोरले साहेब त्या मुलाच्या मागेच उभे होते. साहेबांचे सासरे सैन्यातून निवृत्त झालेले कर्नल आहेत आणि सध्या साहेबांकडेच राहायला आहेत, हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

दोन्हीकडची लायसन्सही मी एका रविवारी वाचून काढली. मुक्तवाले सरळ म्हणतात, की कसलीही हमी नाही, चाललं तर चाललं. विकतवाले भारदस्त शब्दांत कैक पानं घेतात आणि शेवटी जवळपास तिथेच येतात: आमच्यामुळे तुमचं काही नुकसान झालंच, तर फार तर तुम्ही दिलेल्या पैशांपुरतं बघू. म्हणजे पैसे भरून मिळते ती हमी नव्हे. मिळतो तो फोन करायला एक नंबर, आणि त्यावर बराच वेळ वाजणारं संगीत. पण मी म्हणतो, तेही काही कमी नाही. चिडायला समोर कुणीतरी हवं. मुक्त सिस्टीममध्ये चिडायला मी एकटाच होतो.

वही घालायची बुद्धी मला सुचली ती मात्र २०२४च्या मार्च महिन्यात. एक्सझेड नावाचं, फायली दाबून लहान करणारं एक साधन आहे. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं, पण नाव कुणाला ठाऊक नसतं. ते एक माणूस कित्येक वर्षं बिनपगारी सांभाळत होता. थकला होता, तसं बोलूनही दाखवत होता. एक जण मदतीला आला, दोनेक वर्षं गोडीगुलाबीने काम करत विश्वास मिळवला, आणि मग त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. तो जगभर पसरायच्या बेतात असताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला वाटलं, की सर्व्हरमध्ये शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय? अर्धा सेकंद! आमच्याकडे अर्धा तास लागला तरी लोक “आज जरा हळू आहे” म्हणतात. त्याने खोदलं, चोरदरवाजा सापडला, जग वाचलं. हा फ्रॉइंड नोकरीला कुठे? मायक्रोसॉफ्टमध्ये.

सगळे त्या अर्ध्या सेकंदाबद्दल बोलत होते. माझं लक्ष मात्र थकलेल्या माणसावरून हलेना. त्याचे किती रविवार गेले असतील, आणि ते कुणाच्या ताळेबंदात कोणत्या नावाने पडले असतील? त्या रात्री मी वही काढली आणि आठवून आठवून नोंदी केल्या. कॉम्प्युटर बदलणे, रविवार एक. प्रिंटर, रविवार दोन. वाइन, अर्धा. कर्नल, अर्धा, साहेबांची समजूत, वेगळा अर्धा. वर्षाअखेरची बेरीज अकरा रविवार भरली.

वार्षिक अहवालाच्या मसुद्यात खजिनदारांनी लिहिलं होतं: ‘संगणक प्रणाली, खर्च शून्य.’ मी वही पुढे ठेवली. त्यांनी ती मन लावून वाचली. हिशेबाचा माणूस, बेरीज दोनदा तपासली.

“अकरा बरोबर आहेत. पण याचं व्हाउचर?”

“रविवारांचं व्हाउचर कसं असेल?”

“मग खर्ची कसं टाकू? कोणत्या शीर्षाखाली टाकू? किरकोळमध्ये टाकलं तर ऑडिटर विचारणार.” आणि मग एकदम मायेने म्हणाले, “अहो, तुम्ही तर बिनपगारी करता. शून्यात शून्य मिळवलं तर शून्यच.”

मी मात्र तयारीने गेलो होतो. म्हटलं, साहेब, सिस्टीम मुक्तच ठेवू, पण तिची देखभाल करणाऱ्या कंपन्या असतात. वर्षाला ठरावीक रक्कम भरायची. अडलं की त्यांना फोन करायचा, अपडेट त्यांनी तपासून द्यायचे, आणि मी रविवारी घरी. वर रीतसर बिल मिळेल. व्हाउचर लागेल, शीर्ष मिळेल, ऑडिटर खूश.

बिल मिळणार म्हटल्यावर खजिनदार विरघळले. त्यांनी कोटेशन मागवलं, चष्मा पुसून वाचलं आणि वाचता वाचता थांबले.

“हे काय लिहिलंय? सर्व्हरचा दर प्रोसेसरच्या खोबणीवर, दोन-दोनच्या जोडीने?”

“हो. आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरचा यंत्रागणिक.”

“यंत्रागणिक,” खजिनदार म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना उजेड पसरला. “मग यावेळी साहेबांना यंत्र धरून चालायचं नाही. तीन पडतील.”

त्यांनी खणातून मागच्या मोजणीचा कागद काढला, पाठकोरी बाजू वर करून माझ्यापुढे सरकवली आणि वर पेन ठेवलं. खोबण्या एका कमांडनेही मोजता आल्या असत्या, पण खजिनदारांना त्या डोळ्यांनी बघून हव्या होत्या. त्यासाठी सर्व्हर बंद करून उघडायला हवा, आणि कामाच्या दिवशी तो बंद करता येत नाही.

“रविवारी या,” ते म्हणाले.