मधुमेह हा ‘खनिजांच्या कमतरतेचा आजार’ नव्हे

प्रौढ वयात होणारा मधुमेह, म्हणजे टाइप-२, हा मुळात क्रोमियम, जस्त आणि सेलेनियम यांच्या कमतरतेचा आजार आहे; ही खनिजे गोळ्यांतून भरून काढली आणि तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायले की ऑक्सिडेटिव्ह ताण (उपद्रवी ऑक्सिजन-रेणूंमुळे पेशींवर येणारा ताण) ओसरतो आणि तीन महिन्यांत औषधे बंद करता येतात, असा दावा व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतो आहे. ती निव्वळ थाप असती, तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. त्यातली निरीक्षणे बरीचशी खरी आहेत. घसरतात ते निष्कर्ष.

क्रोमियमच्या महतीला मोठा आधार मिळाला तो टोरांटोमधील एका रुग्ण महिलेमुळे, जिची नोंद १९७७ साली प्रसिद्ध झाली. तिला तीन वर्षांहून अधिक काळ सर्व पोषण शिरेवाटे मिळत होते आणि क्रोमियम पुरेसे मिळत नव्हते. तिचे वजन घटले, नसांना इजा झाली, साखर वाढली. क्रोमियम दिल्यावर इन्सुलिनची गरज उरली नाही. मात्र रोज भाजी-भाकरी खाणाऱ्या माणसाला हे उदाहरण लागू पडत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर २०१४ साली, क्रोमियम माणसाला अत्यावश्यक असल्याचा खात्रीलायक पुरावाच नाही, असे मत दिले.

जस्ताचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. स्वादुपिंडाच्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींत इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंच्या आधाराने एकत्र बांधून साठवले जातात, आणि मधुमेहींच्या रक्तात जस्त अनेकदा कमी आढळते. पण साखर वाढली की लघवीवाटे जस्त आणि मॅग्नेशियम अधिक बाहेर पडते. म्हणजे बऱ्याच रुग्णांत ही कमतरता आजाराचे कारण नसून परिणाम असते, आणि साखर आटोक्यात न आणता वरून जस्त घेत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय, बीटा पेशींतल्या इन्सुलिनच्या साठ्यात जस्त पोहोचवणाऱ्या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे ६५ टक्के कमी असल्याचे २०१४ साली दिसून आले. ‘जस्त जास्त तितके बरे’ हे सरळ गणित इथेच मोडते. गंमत अशी की दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतलेले जस्त तांब्याचे शोषण रोखते, आणि हाच संदेश तांबे वाढवायलाही सांगतो.

सेलेनियमबाबत तर दाव्याच्या विरुद्ध घडले. अमेरिकेत कर्करोग प्रतिबंधासाठी झालेल्या एका चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिले गेले. सुरुवातीला मधुमेह नसलेल्या सुमारे १,२०० जणांचा सरासरी पावणेआठ वर्षे मागोवा घेतल्यावर सेलेनियम घेणाऱ्या ६०० पैकी ५८ जणांना, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ६०२ पैकी ३९ जणांना मधुमेह झाला. पुढे ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत ही वाढ ठळकपणे दिसली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे; पण फायदा दोन्हींकडे दिसला नाही.

ऑक्सिडेटिव्ह ताण खरा आहे. साखर वाढली की पेशींतल्या मायटोकाँड्रियात (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत) उपद्रवी ऑक्सिजन-रेणू अधिक तयार होतात आणि त्यांतून रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. परंतु ते सगळे पुसून टाकणे शरीराच्या हिताचे नसते: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना व्यायामामुळे इन्सुलिनच्या प्रतिसादात होणारी सुधारणा मिळालीच नाही. तांब्याविषयी एवढेच, की मधुमेहींच्या रक्तात ते कमी नव्हे, तर बहुधा जास्त आढळते, आणि मोकळे तांबे व लोह हा ताण वाढवतात.

उरला तीन महिन्यांचा हवाला. ‘अमक्याचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) उतरले’ हे सांगणारे खोटे बोलत असतीलच असे नाही. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात साखर तेवढीच असूनही एचबीए१सी काहीसे जास्त दिसू शकते आणि लोह मिळू लागल्यावर ते खाली येते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांच्यापैकी एखादीने लोहयुक्त खनिजगोळी घेतली, तर साखर न घटताही अहवाल सुधारल्यासारखा दिसेल. म्हणून अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, तसेच हिमोग्लोबिन, ही तिन्ही तपासून डॉक्टरांना दाखवावीत, आणि तोवर मेटफॉर्मिन (मधुमेहाची नेहमीची गोळी) किंवा इन्सुलिन स्वतःहून थांबवू नये.