दहा रुपयांचे मालक

नोकरीत माणसाला एक साहेब असतो. तो कितीही खडूस असला तरी एकटा असतो. त्याला कधीतरी ताप येतो, कधीतरी त्याची बदली होते. माझ्या पहिल्या नोकरीत मला हजारावर मालक होते आणि त्यातले बरेचसे ठाण्यातल्या नौपाड्यातच, चालत पाच मिनिटांवर राहायचे. त्यांना ताप आला तर ते धाकट्याला पाठवायचे.

ही नोकरी सहकारी ग्राहक भांडारातली. १९८२ मध्ये ठाण्याची नगरपालिका जाऊन महापालिका झाली, त्याच्या आगेमागेचे दिवस. बी.कॉम. होऊन मी बँकेच्या परीक्षेच्या निकालाची वाट बघत घरी बसले होते आणि आईला माझं नुसतं बसणं बघवत नव्हतं. बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ भांडाराच्या संचालक मंडळात होते. त्यांनी शब्द टाकला आणि मी किराणा काउंटरला लागले. काउंटरमागे माझ्यासाठी एक स्टूलही होतं. त्यावर साबुदाण्याचं पोतं बसलेलं असे.

ग्राहक भांडार ही कल्पना कागदावर अतिशय सुंदर आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर भाव भडकायला लागले, तेव्हा केंद्र सरकारने शहरोशहरी ग्राहक भांडारं काढण्यासाठी योजना आणली. मुंबईत नायगावच्या कामगारांनी त्याआधीच, १९४८ पासून, अपना बाजारची सुरुवात केली होती. मधला दलाल काढून टाकायचा, नफेखोर व्यापाऱ्याच्या दारात जायचं नाही, ग्राहकानेच दुकानाचा मालक व्हायचं. हे ज्यांनी लिहिलं ते थोर होते. फक्त त्यांच्यापैकी कोणी संध्याकाळी सहा वाजता काउंटरमागे उभं राहिलेलं नसावं.

आमच्या भांडाराचा एक भाग, म्हणजे शेअर, दहा रुपयांचा होता. सहकारी कायद्याप्रमाणे भाग एक असो की शंभर, माणशी मत एकच. म्हणजे दहा रुपये भरलेला माणूसही चेअरमनच्या बरोबरीचा. आणि आमचे सभासद कायदा पाळणारे होते. दुकानात शिरताना ते पिशवी जमा करून पत्र्याचा बिल्ला घेत आणि तिथेच सांगत, "मी सभासद आहे." पिशवी सांभाळणारा गडी मान डोलवी. मग माझ्यापाशी येऊन पुन्हा, "मी सभासद आहे हं." मग तुरडाळ अर्धा किलो.

डाळ घ्यायची पद्धतही सहकारी होती, म्हणजे कोणी एकट्याने काही करायचं नाही. आधी मी चिठ्ठी करायची, तीन प्रतींत. पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी कॅशला, पिवळी ऑफिसला. कार्बन इतका झिजलेला असे की पिवळ्या प्रतीवर फक्त माझ्या हाताचा जोर उमटायचा. चिठ्ठी घेऊन गिऱ्हाइकाने कॅशच्या रांगेत जायचं, तिथे शिक्का मारून घ्यायचा, मग तिसऱ्या खिडकीवर माल. तिथे पोचेपर्यंत त्याच्या लक्षात यायचं की हिंग राहिला. हिंगासाठी पुन्हा माझ्याकडे, पुन्हा तीन प्रती. गोखले रोडवरचा वाणी एवढ्या वेळात महिन्याचं वाणसामान बांधून, वहीत मांडून, पोराच्या हाती घरी धाडत असे. पण वाण्याकडे मालकी मिळत नव्हती. आमच्याकडे मालकीच मिळायची, हिंगाला वेळ लागायचा.

मालक लोक माल तपासून घेत. तांदळाचे दाणे तोंडात टाकून चावत आणि दूर कुठेतरी बघत. चव कळायला पाच-सहा दाणे लागत, शंका राहिलीच तर आणखी एक चिमूट. शेंगदाण्याच्या बाबतीत तर शंका फिटतच नसे. नारळ कानाशी धरून हलवत, बोटाने वाजवत, शेजारच्या अनोळखी माणसाच्या कानाशी नेऊन त्याचं मत घेत. शेवटी मॅनेजरसाहेबांनी पाटी लावली : 'नारळ वाजवू नयेत.' दुसऱ्या दिवशी तक्रारवहीत नोंद : 'सभासदाने आपल्या मालकीचा नारळ वाजवू नये, असा ठराव कोणत्या सभेत झाला?' पाटी उतरली.

रव्याच्या बाबतीत एक मावशी माझ्या कायमच्या मालकीणबाई होत्या. चरईत राहायच्या. चष्मा नाकावर, हातात पुडा उघडलेला.

"रवा चाळलाय ना गं?"

"हो मावशी, सकाळीच चाळलाय."

"मग हा कोण?"

मी बघितलं. सोंडकिडा होता, आणि तो मालकाच्याच ऐटीत फिरत होता.

"मावशी, पावसाळ्यात होतो एखादा."

"हे बघ, महागाईच्या वेळी मृणाल गोऱ्यांबरोबर लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेली बाई आहे मी. मला 'एखादा' सांगू नकोस. बाकीचे कुठेत ते दाखव."

१९७२-७३ चे लाटणं मोर्चे सरकारला जड गेले असतील. पण त्यातली बाई पुढे दहा वर्षांनी रव्याच्या काउंटरवर येणार, ह्याचा विचार सहकार चळवळीने करायला हवा होता. मी पुडा बदलून दिला. पैसे मोजून देताना मावशी म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही हो, तू काय, नोकर माणूस." मालकांचा हा समजूतदारपणा मला नेहमी फार लागायचा.

किमतीवरून होणारी भांडणं वेगळीच. तेव्हा पुड्यावर किंमत छापलेली असे आणि शेजारी बारीक अक्षरात 'स्थानिक कर वेगळे'. ते कर किती, हे दुकानागणिक बदले. सगळ्या करांसह कमाल किंमत छापणं १९९० पासून सक्तीचं झालं, तोवर मी त्या काउंटरवरून सुटले होते. माझ्या वेळी एक निवृत्त हेडक्लार्क काका टूथपावडरच्या डब्यावरची किंमत, विक्रीकर आणि आमचं बिल यांचा ताळमेळ घालत काउंटरला टेकून उभे राहत. तफावत दोन पैशांची निघे. दोन पैशांचं नाणं बाजारातून गेल्यातच जमा होतं, त्यामुळे ते परत करता येत नसत, आणि सोडून द्यायला काका तयार नसत. मी एकदा गोळी देऊ केली. "सभासदाला गोळी?" काकांनी विचारलं. त्यांनी गोळी घेतली, पण नाराजीने.

दिवाळीच्या आधी जो काही प्रकार होई, त्याला मी आजही घाबरते. वाढीव साखर, मोती साबण, उटणं, रांगोळी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पामतेल. बाहेर गोडंतेल परवडेना अशी अवस्था, त्यामुळे परदेशातून आयात झालेलं पामतेल आलं की सगळं नौपाडा डबे घेऊन बाहेर. बातमी कशी फुटायची देव जाणे. टेंपो अजून कोपरीच्या जकात नाक्यावर कागदपत्रं दाखवत उभा आणि इकडे रांगेचं शेपूट गल्लीबाहेर. रांगेत बायका नंबर लावून घरी जात. नंबर म्हणून वीट, चप्पल, रिकामी किटली असं काहीही ठेवून जात. टेंपो आल्यावर 'ही चप्पल माझी' यावरून जे दावे निघत, ते निकालात काढायला मॅनेजरसाहेब शिक्षणाने वकील हवे होते. ते होते संस्कृतचे पदवीधर. पिंपाला हातपंप लावून मापाने तेल काढायचं. माप पूर्ण भरलं की शेवटचा थेंब पडेपर्यंत सभासद हलत नसत, आणि पामतेल शेवटचा थेंब लवकर सोडत नाही. थंडीत तर ते पिंपातच गोठायचं. मग "डालडा मिसळलाय" असा गलका. पामतेल गारठ्यात थिजतंच, हे मी सांगून बघितलं. पण बी.कॉम. मुलीने विज्ञान सांगणं लोकांना पटलं नाही.

पण एक मात्र खरं सांगायला हवं. आमचा माल चोख होता. काटा वजनमापेवाल्यांनी तपासलेला, हळदीत हळद, मिरचीत मिरची, आणि टंचाईतही काळ्या बाजाराने काही गेलं नाही. भांडार पुढे बंद पडलं ते लबाडीने नव्हे. वाणी उधारीवर देतो, घरपोच देतो, दुपारी गाढ झोपत नाही, आणि त्याच्या नोकराला हजार मालकांना उत्तरं द्यावी लागत नाहीत. एवढी कारणं पुरेशी होती.

आता स्टॉकमोजणीबद्दल. सहकारी वर्ष तेव्हा जूनअखेर संपायचं. ज्याने कोणी तीस जून ही तारीख ठरवली, तो कोकणपट्टीत राहत नव्हता. तीस जूनला ठाण्यात आभाळ फाटलेलं असतं. दुकान बंद, शटर अर्धं, दारातून पाणी आत येऊ नये म्हणून गोणपाटं, वीज गेलेली, आणि मेणबत्तीच्या उजेडात आम्ही सुया मोजतोय. खऱ्याखुऱ्या सुया. सुईची पाकिटं, शर्टाची बटणं, बुटांच्या नाड्या, उदबत्त्यांचे पुडे. एकाने ओरडायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने "थांबा, शिंक आली" म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. कापड खात्यातल्या बाई सरकारी योजनेतल्या स्वस्त जनता साड्या उलगडून मोजत आणि दर साडीमागे काठाबद्दल मत देत.

खरी परीक्षा सुट्या मालाची. पोतं वजनाला लावायचं आणि बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करायचं. पण पावसाने भिजलेलं बारदान वजा किती धरायचं? गोडाऊनचे अण्णा बारदान हातात तोलून, डोळे मिटून, आकडा सांगत. तो आकडा आम्ही वेदवाक्य म्हणून लिहीत असू. दमट हवेत गूळ पाझरतो, मिठाला पाणी सुटतं, डाळीला उंदीर लागतात. ह्याला तूट म्हणत आणि तुटीला नियमात जागा होती. साखर मात्र ओल धरून जड व्हायची. एके वर्षी साखर हिशेबापेक्षा जास्त भरली. मी आनंदाने ओरडले. मॅनेजरसाहेब पांढरे पडले.

"अगं, तूट आली तर उंदरावर ढकलता येते. वाढावा कोणावर ढकलायचा?"

वाढावा म्हणजे आम्ही गिऱ्हाइकाला वर्षभर कमी तोलून दिलं, असा ऑडिटरने अर्थ काढला की संपलं. आमचा ऑडिट वर्ग 'ब' होता आणि तो 'क' झाला तर चेअरमनसाहेब तलावपाळीला तोंड दाखवू शकणार नव्हते. रात्री साडेनऊला, बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही चौघं साखर पुन्हा तोलतोय आणि ती कमी भरावी म्हणून मनातल्या मनात कोपिनेश्वराला नवस बोलतोय. शेवटी अण्णांनी बारदान पुन्हा हातात घेतलं, डोळे मिटले, आणि या खेपेस ते बरंच जड निघालं.

उंदरांचा उल्लेख केला म्हणून मांजरीबद्दल सांगते. ती गोडाऊनमध्ये आली पावसात. अण्णांनी तिला दूध सुरू केलं. दुधाचे पैसे किरकोळ खर्चात पडत. ऑफिसातल्या प्रामाणिक कारकुनाने वार्षिक अहवालात त्याचा तपशील दिला : 'मांजरीचे दूध.' अहवाल छापून सभासदांच्या घरोघर गेला.

वार्षिक सर्वसाधारण सभा एका शाळेच्या हॉलमध्ये भरली. चहा आणि चिवडा होता म्हणून गणसंख्या पहिल्याच फटक्यात पूर्ण झाली. लाभांश पंधरा टक्क्यांवर देता येत नाही असा कायदा आहे. आमच्या भांडाराने हा कायदा मोडायची वेळ कधी येऊ दिली नाही. तो विषय दोन मिनिटांत उरकला. मग दोन पैशांवाले काका उठले.

"पान सात. मांजरीचे दूध. उंदरांमुळे झालेली तूट गेल्या वर्षीपेक्षा वाढलेली दिसते. मग मांजर नेमकं काय करते?"

चेअरमनसाहेब म्हणाले, मांजर यंदाच रुजू झाली.

"रुजू? नेमणुकीचा ठराव कुठे आहे?"

मागून कोणीतरी विचारलं, दूध गाईचं की म्हशीचं? तिसऱ्याने गौप्यस्फोट केला, की सदर मांजर एका संचालकांच्या वाड्यातून आलेली असून हा सरळसरळ वशिला आहे. सभागृहात कुजबुज झाली. ते संचालक म्हणजे बाबांच्या ओळखीचेच गृहस्थ. मी छताच्या पंख्याकडे बघत बसले.

तेवढ्यात रव्याच्या मावशी उभ्या राहिल्या. "दूध द्या तिला," त्या म्हणाल्या, "पण रव्याकडेही लक्ष द्यायला सांगा." टाळ्या पडल्या. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर : पुढील सभेपर्यंत रोज पावशेर दूध, तपशील स्वतंत्र दाखवावा. काकांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला आणि चिवड्याची दुसरी पुडी घेतली.

दिवाळीच्या गर्दीत एका सकाळी अण्णा वर ऑफिसात आले. रिकाम्या बारदानांच्या ढिगात मांजर व्याली होती, चार पिल्लं. मॅनेजरसाहेबांनी ठरावाची प्रत काढून दोनदा वाचली. ठरावात मांजर एकवचनी होती.

"अण्णा, ह्यांची नोंद कशात करायची हो?"

अण्णांनी क्षणभर डोळे मिटले.

"वाढाव्यात दाखवा."