फिशटँकमधला शॅमेलिऑन पहिला महिनाभर मस्तच दिसतो

‘शॅमेलिऑन म्हणजे सगळ्यात सोपा पाळीव प्राणी. जुना फिशटँक, एक फांदी, पाण्याची वाटी, वर बल्ब आणि अंगणातले नाकतोडे. भुंकत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही. मादी घ्या, ती शांत असते.’ रंग बदलणाऱ्या या सरड्याबद्दलचा हा संदेश फोटोसकट सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातलं न भुंकण्याचं तेवढं खरं.

आधी जातीचं बोलू. आपल्या रानातला सरडगुहिरा, म्हणजे इथला शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडून घरी आणणं गुन्हा आहे, विषय संपला. पाळला जातो तो बहुधा येमेन-सौदीकडचा व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन. तोही ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. पुढचं सगळं या व्हेल्डबद्दल.

फिशटँक आडवा, हा प्राणी उंचावर राहणारा. माणसाच्या डोळ्यांपेक्षा वर बसायला मिळालं की तो निवांत असतो. प्रौढाला निदान दोन बाय दोन फूट रुंदीचा, चार फूट उंचीचा, आत दाट पाला असलेला जाळीचा पिंजरा हवा. थंड देशांत काचेचे पिंजरे वापरतात, पण त्यांना खालून-वरून हवा खेळती असते. चारही बाजूंनी बंद टाकीत ओल कोंडते आणि छातीचे आजार होतात.

वाटीतलं साचलेलं पाणी त्याला सहसा पाणी वाटतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. म्हणजे रोज फवारा, शिवाय ठिबक. त्याच्या विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी होऊ लागला, तर वाटी भरलेली असूनही प्राणी तहानलेला आहे.

खरा घात बल्बमध्ये आहे. साधा बल्ब ऊब देतो, यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण देत नाही. आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते जवळजवळ नसतातच. यूव्हीबी नाही तर त्वचेत डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी-३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर ते हाडांतून काढू लागतं. ओळखीतल्या एका घरी मी असा व्हेल्ड पाहिलाय. फांदी धरायला उचललेला पुढचा पाय धनुष्यासारखा वाकलेला, जबडा रबरासारखा मऊ. जीभ सुटली ती तोंडाबाहेर लोंबत राहिली, आत ओढायचं बळ नव्हतं. ‘गेल्या महिन्यापर्यंत मस्त खात होता हो,’ घरचे सांगत होते. खात असणारच. दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत आहे, म्हणून तर असले सल्ले खरे वाटतात. यूव्हीबीची ट्यूबही साधारण वर्षभरात बदलावी लागते. उजेड तसाच दिसतो, किरण मात्र ओसरलेले असतात.

अंगणातल्या नाकतोड्याने कुठली फवारणी खाल्लीय, कोण जाणे. पाळलेले रातकिडे आणावेत, त्यांना आधी पालेभाजी-गाजर खाऊ घालावं, मग कॅल्शियमची भुकटी लावून द्यावेत. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. बीड-जालन्याकडे रेशीमशेतीत ओळख असेल तर रेशमाच्या अळ्या मागून बघा, उत्तम खाद्य. कीटकनाशकाला त्या फार नाजूक, म्हणून त्यांच्या तुतीवरची फवारणी जपूनच होते.

संदेशात ‘पाहुणे आले की खुशीत रंग बदलतो’ असंही आहे. त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं. पण पाहुण्यांपुढे तो काळवंडत असेल तर ती बहुधा भीती असते. दोन एकत्र ठेवले तर दोघंही कायम त्याच ताणात राहतात.

राहिली शांत मादी. व्हेल्डची मादी नर नसतानाही अंडी घालते, एका खेपेला कित्येक डझन. जास्त खाऊ घातलं तर आणखी. त्यासाठी तिला ओलसर वाळू-मातीचा फूटभर खोल थर खणायला लागतो. तो नसला तर अंडी पोटातच अडकू शकतात आणि ती मरू शकते. संदेशातल्या फोटोत टाकीच्या तळाला शोभेचे निळे दगड आहेत.