चित्रकलेचा तास सुरळीत कसा उरकावा

प्राथमिक शाळेत चित्रकलेचा तास बहुधा शेवटचा असतो, आणि गणिताचा भाग मागे पडला असेल तर तो येतही नाही. आलाच, तर घाबरू नका. मुलांच्या हाताला काम मिळावं आणि डोळ्यांना मिळू नये, एवढं पथ्य सांभाळलं की वेळ सहज निघतो.

सुरुवात निसर्गचित्रापासून. फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, तिथूनच निघणारी नदी, काठावर गवताची झोपडी. चिरे आणि कौलं काढू नका, त्यात वेळ जातो. गोव्याची शाळा म्हणून एक माड हवा आणि तो झोपडीकडे वाकलेलाच हवा. वर्गाच्या खिडकीतून सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा डोंगर, दिसत असेल तर खिडकी लावून घ्या. आपले सडे माथ्यावर सपाट असतात, आणि एखाद्या चिकित्सक पोराला तेवढंच पुरतं.

पहिली-दुसरीतलं मूल आकाश म्हणून कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी ओढतं, खालच्या कडेला जमीन काढतं आणि मधली जागा कोरी सोडतं. घर काढलं तर भिंतीतून आतली आजी, पलंग आणि मांजरही दिसतं. या वयात मुलं डोळ्यांना दिसतं ते काढत नाहीत, ठाऊक असतं ते काढतात, आणि वर आकाश, खाली आपण, मध्ये हवा, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. असा विचार वेळीच खोडलेला बरा. ‘आकाश खाली आण’ म्हणून सांगा आणि हातात खोडरबर द्या. आजी पुसून होईतो कागदाला भोक पडतं, त्याबद्दल वेगळं रागवता येतं.

कागद झेरॉक्सचा घ्या, ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम, पातळ). ओला ब्रश लागताच त्याला लाटा येतात, रंग खळग्यांत साचतो आणि दुसऱ्यांदा घासलं की लगद्याच्या गोळ्या सुटतात. १४० जीएसएमच्या कार्ट्रिज कागदावर पोस्टर कलर नीट बसतो, पण मग मुलाच्या हाताला दोष देता येत नाही. ब्रश शून्य किंवा दोन नंबरचा द्या. दहा नंबरचा गोल ब्रश लहान मुठीत नीट बसतो आणि आकाश लवकर संपवतो. मग उरलेल्या वेळात करायचं काय? पाण्याचा ग्लास प्लास्टिकचा, उंच, बुडाशी निमुळता, सहा मुलांत एक. ब्रश धुवायला एक आणि रंगात घालायला दुसरं, असं दोन भांड्यांचं पाणी ठेवलं तर पिवळा पिवळाच राहतो, हे लक्षात असू द्या.

रंगमिश्रण शिकवताना फळ्यावर ठळक लिहा: लाल अधिक निळा म्हणजे जांभळा. मग वाटीत शेंदरी लाल द्या. शेंदरीत पिवळ्याचा अंश असतो, त्यामुळे निळा पडताच चिखली तपकिरी तयार होते. क्रिमसन, म्हणजे किरमिजी लाल, दिला असता तर जांभळा जमला असता, पण ते तुमच्यापाशीच राहू द्या. मूल समोरच्या वाटीपेक्षा फळ्यावर विश्वास ठेवायला शिकतं, आणि ही शिकवण त्याला दहावीपर्यंत पुरते.

तेलखडूच्या डबीतल्या फिकट गुलाबी कांडीला ‘अंगाचा रंग’ म्हणा. वर्गात तसं अंग कोणाचंच नसलं तरी. गोव्याच्या चित्रकारांची चित्रं मात्र दाखवू नका. सांतइस्तेव्हच्या आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मेरीला साडी नेसवली आणि तिला इथल्या बायकांचा सावळा रंग दिला. हे एकदा पाहिलं की मूल डबीतली तपकिरी कांडी शोधू लागतं, आणि ती नेमकी कोणीतरी माडाच्या खोडाला संपवलेली असते.

‘डिझाइन’ म्हणून भेंडीचे ठसे पुरेत, दर वर्षी. कावी नावाच्या भित्तिकलेच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर देऊन तो कोरून काढलेली नक्षी अजून दिसते, आणि वर्गात तिची नक्कल करणं धोकादायक वाटावं इतकं सोपं आहे. जाड कार्डावर पांढरा तेलखडू आडवा आणि उभा, दाबून, कागद झाकेपर्यंत घासायचा. तांबड्या-तपकिरी पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून, सायीइतका दाट करून वर एकच हात द्यायचा. साबण विसरला तर मेणावरून रंगाचे थेंब पळतात. थर जाड झाला तर कोरताना पापुद्रे उडतात, ओल्यातच कोरलं तर रेघ बुजते. सुकल्यावर संपलेल्या रिफिलने ओरखडायचं. चौथीतल्या मुलाने कंपासचं अंतर न बदलता वर्तुळावर सहा खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवरून कंस काढला, की सहा पाकळ्यांचं फूल आपोआप उमलतं. मग हे मूल देवळात गेल्यावर हात जोडायच्या आधी भिंत बघत उभं राहतं. आईबापांची तक्रार शाळेत येणार.

पावसाळ्यात काळजीचं कारण नाही. पोस्टर कलरमधला डिंक हवेतली ओल ओढतो, त्यामुळे कागद एकावर एक रचून कपाटात कोंबले की गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर गठ्ठा एकसंध निघतो, वर बुरशीसकट. तपासायचं काम वाचतं. दोरीवर चिमटे लावून वाळवत बसणाऱ्या बाईंकडे दुर्लक्ष करा.

गुण देताना रंग रेघेबाहेर गेलाय का तेवढं पहा. घरून आलेला प्रकल्प जितका सुबक तितके जास्त गुण द्या. त्यात कोणाच्या बाबांनी थर्माकोल कापलाय हे विचारणं असभ्यपणाचं.

वार्षिक प्रदर्शनात चित्रं जमिनीपासून पाच फुटांवर लावा. दुसरीतलं मूल साधारण पावणेचार-चार फुटांचं असतं, त्याला स्वतःचं चित्र टाचा उंचावूनही धड दिसत नाही. पाहुण्यांना मात्र फीत कापल्यावर मान वाकवावी लागत नाही, आणि फोटोत मागे दोन डोंगरांची सलग रांग छान येते.