निऑन टेट्रावरचे ठिपके आणि मेलेले श्रिम्प: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय कालपासून तीन-चार वेळा वाचला. आमच्या मत्स्यालयाच्या दुकानातून बारा निऑन टेट्रा (छोटे रंगीत मासे) नेलेत, तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले. आम्ही दिलेलं औषध टाकलंत आणि सकाळपर्यंत सगळे चेरी श्रिम्प (टाकीतले छोटे लाल झिंगे) मेले. पुढच्या आठवड्यात सात मासेही गेले, क्रिप्टोकोरिन या पाणरोपाची पानं विरघळली, आणि फोन केलात तेव्हा 'नव्या टाकीत असं होतंच' असं ऐकावं लागलं. तुमची टाकी आठ महिन्यांची आहे. फोन घेणाऱ्याने तेवढंही विचारलं नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

'हे आजारी मासे विकतात' असं तुम्ही लिहिलंत. या वेळी ते खरं आहे. नवा लॉट आम्ही दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतो आणि मगच विकायला काढतो. वही पाहिली, तर तुमचे टेट्रा चौथ्याच दिवशी विकले गेलेले. मी त्या दिवशी दुकानात नव्हते, पण दुकान माझं आहे, तेव्हा चूकही माझीच. व्हाइट स्पॉटचा, म्हणजे या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराचा, परजीवी अनेकदा आधी कल्ल्यांमध्ये असतो, अंगावर काहीच दिसत नाही. मासा पिशवीत ठणठणीत दिसतो आणि घरी गेल्यावर ठिपके उमटतात. दोन आठवडे थांबायचं ते याचसाठी.

श्रिम्पचं मात्र मनाला फार लागलं. तुम्हाला दिलेलं औषध तांब्याचं होतं. माशांना सोसणारं तांबं श्रिम्प आणि गोगलगायींना मारतं. औषध देण्याआधी 'टाकीत आणखी कोण आहे?' एवढा एकच प्रश्न विचारायला हवा होता. तुमच्या टाकीत औषधाची गरजच नव्हती, हे तर त्याहून वाईट. हा परजीवी माशावरच जगतो, श्रिम्पला तो लागत नाही. मासे बाहेर काढून वाळू-रोपं नसलेल्या दुसऱ्या टाकीत ठेवायचे आणि तिथे त्यांच्यावर उपचार करायचे. मोठी टाकी दोन आठवडे माशांविना तशीच चालू ठेवायची. 25-26 अंशांच्या पाण्यात मासाच मिळाला नाही तर परजीवीची पोहणारी पिल्लं दोनेक दिवसांत मरतात. रोपं, श्रिम्प, फिल्टर, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

ठिपके गेले म्हणून पाचव्या दिवशी औषध थांबवलं, असं तुम्ही लिहिलंय. यात मी तुम्हाला दोष देणार नाही, बाटली हातात देताना हे सांगणं आमचं काम होतं. ठिपका गेला म्हणजे परजीवी मेला असं नसतं. तो पोट भरून माशावरून गळतो, तळाशी वाळूत किंवा पानांवर कवचात बसतो, आणि त्या एकाची शेकडो पिल्लं होऊन पुन्हा मासा शोधायला निघतात. माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याला गाठत नाही, कवचात असतानाही नाही. पोहत असतो तेवढ्याच वेळात ते लागू पडतं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवावे लागतात, पाणी थंड असेल तर आणखी जास्त, कारण थंडीत त्याचं चक्र लांबतं.

एका गोष्टीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शेवटच्या चार माशांवर ठिपके नव्हते, ते पृष्ठभागावर येऊन हवा घेत होते, असं तुम्हीच लिहिलंय. आणि त्याच्या आदल्या दिवशी फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला होता. मासे पाहिल्याशिवाय ठाम बोलणं बरोबर नाही, पण माझा संशय त्या धुण्यावर आहे. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्या स्पंजमध्ये राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. त्यात आम्ही हीटर 30 अंशांवर न्यायला सांगितलं आणि एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावायला सांगितलं नाही. 25 अंशांना लिटरभर पाण्यात साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.6. कल्ले आधीच खराब झालेल्या माशाला तेवढा फरक पुष्कळ होतो, आणि रात्री रोपंसुद्धा ऑक्सिजन घेतात. म्हणजे इथेही अर्धी चूक आमचीच.

क्रिप्टोकोरिन टाकून देऊ नका. पाणी, उजेड किंवा तापमान बदललं की हे रोप पानं गाळतं. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर सडकी पानं कापा, रोप जागचं हलवू नका, काही आठवड्यांत नवी पानं येतील. नाही आली तर रोप बदलून देईन.

माशांचे, श्रिम्पचे आणि औषधाचे सगळे पैसे परत करते. त्यासाठी अभिप्राय बदलायची गरज नाही, तो आहे तसा राहू द्या. आता औषधाच्या कपाटावर कागद लावला आहे, 'श्रिम्प? गोगलगाय? रोपं? किती लिटर?' आणि ही चार उत्तरं लिहून घेतल्याशिवाय बाटली दिली जात नाही.

येताना बाटलीभर टाकीचं पाणी आणा, अमोनिया, नायट्राइट आणि तांबं तपासून देते. तोवर दर दोन-तीन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन घालवलेलं आणि त्याच तापमानाचं, आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन (पाण्यातलं औषध शोषणारा कोळसा) ठेवा. तांबं वाळूत मुरतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. तुमच्यासाठी श्रिम्प वेगळे काढून ठेवले आहेत, पण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून तांबं शून्य आल्याशिवाय मी ते तुमच्या हातात देणार नाही.