माजींसोबत प्रवासाला निघताना

ब्रेकअप झाला, रडून झालं, केस कापून झाले, आणि आता तुम्ही दोघं 'चांगले मित्र' आहात. अभिनंदन. सामान्य माणसं प्रेम मोडलं की नंबर ब्लॉक करतात, भेटवस्तू खोक्यात भरून माळ्यावर टाकतात आणि समोरून येताना दिसले तर रस्ता बदलतात. तुम्ही तसले नाही. तुम्ही प्रगल्भ आहात. अडचण एवढीच, की प्रगल्भपणा घरात बसून कुणाला दिसत नाही. त्यासाठी सहलीला जावं लागतं. आठ दिवस, दोघांनीच, आणि शक्यतो जिथे नेटवर्क बरं आहे अशा ठिकाणी, म्हणजे फोटो वेळच्या वेळी टाकता येतात.

आधी भाषेचं बघू. 'एक्स' म्हणू नका, ते गणितातलं वाटतं आणि त्याची किंमत काढत बसावी लागते. मराठीत 'माजी' हा किती भारदस्त शब्द आहे! माजी अध्यक्ष, माजी सचिव. माजी माणसाला खुर्ची नसते, पण बैठकीचं बोलावणं असतं, सही चालत नाही, पण मत विचारलं जातं. तुमच्याकडेही हीच व्यवस्था चालू आहे. (शब्दात 'माज' आहे याकडे काही जण लक्ष वेधतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असंही तेच म्हणतात. अशा लोकांना सहलीचे फोटो दाखवू नयेत.) या लेखात आपण त्यांचा उल्लेख 'माजी' असा आणि आदरार्थीच करू. काल-परवापर्यंत एकेरीवर येऊन भांडलात, आता थोडं अहो-जाहो परवडेल.

कुणी नावं ठेवलीच तर थोरामोठ्यांचे दाखले तयार ठेवा. हॉलिवूडची अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रोने 2014 मध्ये नवऱ्यापासून, म्हणजे गायक क्रिस मार्टिनपासून वेगळं होताना 'कॉन्शस अनकपलिंग' (म्हणजे समजून-उमजून वेगळं होणं) हा शब्द जगभर पोहोचवला, आणि पुढे तिच्या दुसऱ्या लग्नानंतरच्या मालदीवच्या मधुचंद्राला मुलांबरोबर हे माजीही होते. 'ॲबा' या स्वीडिश पॉप बँडमधल्या ब्योर्न आणि ॲग्नेथा या नवरा-बायकोने 1979 च्या जानेवारीत वेगळं होत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून दोघं एकाच दौऱ्यात, एकाच मंचावर गात फिरत होते. फरक इतकाच, की त्यांना त्या प्रवासाचे पैसे मिळत होते. तुम्ही पदरचे घालणार आहात.

माझा लाडका दाखला मात्र मरिना अब्रामोविच आणि उलाय यांचा. दोघंही परफॉर्मन्स कलावंत, म्हणजे प्रेक्षकांसमोरची स्वतःची कृती हीच ज्यांची कला, आणि बारा वर्षांचा सहवास. चीनच्या भिंतीवर दोन टोकांकडून चालत यायचं आणि मध्ये भेटून लग्न करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. परवानगी मिळायला वर्षांमागून वर्षं गेली आणि तोपर्यंत नातंच संपत आलं. आता बेत रद्द करायचा की नाही? त्यांनी फक्त शेवट बदलला. 1988 मध्ये मरिना समुद्राच्या बाजूने निघाली, उलाय वाळवंटाच्या बाजूने. नव्वद दिवस, प्रत्येकी दोन हजार किलोमीटरहून जास्त चाल, मग भेट, मिठी आणि निरोप. बघा, माजींसोबतच्या प्रवासाची ही किती आदर्श आखणी आहे. सगळा प्रवास वेगवेगळा आणि एकत्र फक्त शेवटची पाच मिनिटं! 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात समोर बसेल त्याच्याकडे नुसतं बघत राहण्याच्या तिच्या प्रयोगात तो अचानक समोर येऊन बसला, टेबलावरून दोघांनी हात धरले, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या व्हिडिओवर अख्खं जग रडलं. तो व्हिडिओ तुम्ही माजींना पाठवलाच असेल. 2015 मध्ये त्याने तिला जुन्या एकत्रित कामाच्या हिशेबावरून कोर्टात खेचलं आणि 2016 मध्ये कोर्टाने तिला अडीच लाख युरोंच्या वर रक्कम द्यायला लावली, हे बहुधा पाठवलं नसेल.

असो. तिकिटांकडे वळू. बहुतेक अशा सहली मैत्रीतून नव्हे, नॉन-रिफंडेबल तिकिटातून जन्माला येतात. सहा महिन्यांपूर्वी काढलेलं तिकीट, चार महिन्यांपूर्वी मोडलेलं नातं. गेलेली वर्षं परत मिळत नाहीत, हे तुम्ही मोठ्या मनाने मान्य केलंत. पण तिकिटाचे पैसे सोडायचे? हे म्हणजे फारच झालं. शिवाय दोघांची नावं एकाच बुकिंगवर असतात. एकालाच रद्द करायचं तर विमान कंपनीला फोन करून बुकिंग 'स्प्लिट' करून घ्यावं लागतं, आणि पलीकडचा आवाज शांतपणे विचारतो, "म्हणजे दोघांचा प्रवास वेगळा करायचा आहे, बरोबर?" इतक्या स्वच्छ शब्दांत हा प्रश्न तुम्हा दोघांनीसुद्धा एकमेकांना विचारला नव्हता. तुम्ही म्हणता, "नंतर कळवते," आणि फोन ठेवून बॅग भरायला घेता.

माजींच्या आयुष्यात आता कुणी 'आजी' असतील, म्हणजे सध्या पदावर असलेल्या, तर त्यांचीही काळजी घ्यायला हवी. त्यांना सगळं आधीच सांगावं. 'आमच्यात आता काहीही नाही' हे वाक्य एकदाच म्हणावं. दुसऱ्यांदा म्हटलं की त्यातून काहीतरी निघतं, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर आजी स्वतःच सहलीला येतात.

आता जागांचा प्रश्न. शेजारी बसलं तर हाताच्या दांडीवर कोपर कुणाचं, हा जुना वाद उकरला जातो. फार लांब बसलं तर भांडण झाल्यासारखं दिसतं. म्हणून अनुभवी लोक खिडकी आणि कडेची जागा घेतात, मधली सोडतात. मधली जागा कुणी मुद्दाम घेत नाही, ती रिकामीच राहील, असा हिशेब असतो. विमान भरलेलं निघतं. मध्ये एक काका येतात, मानेला उशी लावलेले. तुम्ही त्यांच्या अंगावरून माजींना चार्जर देता. माजी त्यांच्या पोटावरून तुम्हाला पाण्याची बाटली देतात. तिसऱ्या देवघेवीला काका उशीसकट वळतात आणि विचारतात, "तुम्ही दोघं एकत्र आहात का?"

इथे सराव कामी येतो. सराव नसेल तर एकाच क्षणी एकाकडून 'हो' येतं आणि दुसऱ्याकडून 'नाही'. आणि खरी पंचाईत त्यानंतर होते. तुम्ही 'नाही' म्हणालात म्हणून नव्हे, माजी 'हो' म्हणाले म्हणून. पुढचे दोन तास तुम्ही ढगांकडे बघत त्या 'हो'चा अर्थ लावत बसता. शंभरात नव्वद वेळा त्याचा अर्थ 'हो, आमचं बुकिंग एकत्र आहे' एवढाच असतो. (ही टक्केवारी माझी स्वतःची आहे.) काका मात्र उदार मनाने म्हणतात, "मग मी सरकतो की." आणि तुम्ही दोघं एका सुरात ओरडता, "नको, नको!" इतकं एकमत तुमचं नात्यात असताना कधी झालं नव्हतं.

हॉटेलात 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग आणि 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे पलंग, हे पाठ करून ठेवा. तुम्ही ट्विनच मागता. खोलीत शिरता तर दोन पलंग एकमेकांना चिकटवून वर एकच मोठी चादर अंथरलेली, आणि तिच्यावर टॉवेलाचे दोन हंस, चोचीला चोच लावून. चादरीखाली हात घातला तर मधली फट लागते. पलंग वेगळेच आहेत हो, वरून एक दिसतात. आता ते ओढून लांब करायचे, आणि त्यासाठी दोघांनी मिळून जोर लावायचा. फरशीवर पाय घासण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. खालचे काय समजायचं ते समजतात. हंसांचं काय करायचं ते मी सांगणार नाही. माहितीतल्या एका बाईंनी ते उलगडून ताबडतोब आंघोळ केली.

खर्चाचं ॲप घ्या. प्रत्येक पैसा नोंदवा. नात्यात असताना कोण कुणाला किती देणं लागतं हे लिहून ठेवलं नव्हतं, त्याचे परिणाम तुम्ही भोगलेत.

ॲपमध्ये बसत नाही अशी एक गोष्ट मात्र सांगायला हवी, म्हणजे तुम्ही गाफील राहणार नाही. वळणांचा रस्ता असतो. गाडी निघायला अर्धा तास आहे. तुम्ही कुणाला काही बोललेला नसता. आणि तेवढ्यात समोर एक हात येतो, त्यात गोळ्यांची पट्टी, चार घरं रिकामी, कोपरा दुमडलेला. गाडी लागते ना तुम्हाला, त्याची. माजींना गाडी लागत नाही. म्हणजे ही पट्टी त्यांनी घरातून आठवणीने घेतली, किंवा त्यांच्या बॅगेच्या कप्प्यातून ती आजवर बाहेर काढलीच गेली नाही. दोन्हींतलं कुठलं खरं, हे चुकूनही विचारू नका. गोळी घ्या आणि म्हणा, "थँक्स, यार." या वाक्यात 'यार' फार महत्त्वाचं आहे. नुसतं 'थँक्स' म्हटलं तर आवाज हलतो. गोळीने झोप येते ही चांगली सोय आहे. डोळे मिटून बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

फोटोत दोघांमध्ये हातभर अंतर ठेवा. ज्याच्याकडे तुम्ही फोन दिलेला असतो तो अनोळखी माणूस हमखास "अजून जवळ या, अजून" म्हणतो, तिकडे लक्ष देऊ नका. फोनवर मात्र तुमचं काही चालत नाही. त्याला ब्रेकअप आपोआप कळत नाही. तो रात्री साडेदहाला 'तीन वर्षांपूर्वी याच दिवशी' म्हणून संगीतासकट चित्रफीत बनवून आणतो, आणि आजचे फोटो चेहरे ओळखून त्याच जुन्या अल्बममध्ये नेऊन ठेवतो. सकाळी माजींनी "झोप झाली का?" असं विचारलं, तर त्यांच्याही फोनने तेच केलं असं समजा.

परतीच्या विमानात पुन्हा खिडकी आणि कड. पुन्हा मध्ये कुणीतरी, या वेळी एक तरुण, बसल्या बसल्या झोपलेला. विमान वर चढेपर्यंत त्याचं डोकं तुमच्या खांद्यावर आलेलं असतं, तोंड उघडं. तुम्ही हलू शकत नाही. त्याच्या केसांच्या वरून तुम्ही पलीकडे बघता, तर माजी तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताहेत. आणि तुम्हालाही हसू फुटतं. आवाज न करता, खांदा न हलवता, अगदी पूर्वीसारखं.

अशा वेळी ताबडतोब समोरच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड काढून वाचायला घ्या. बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत ते त्यावर चित्रासकट दिलेलं असतं. हवाई सुंदरीही मघाशी सांगून गेली, की सर्वांत जवळचा दरवाजा कदाचित तुमच्या मागे असू शकतो. तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही पट्टीत गोळी उरली आहे का, ते बघत होतात.